टॉस जिंकला तर काय घ्यायचं? आधी पिचवर चावी टोचून बघा

आपल्याकडं टॉस जिंकला की बरेच कॅप्टन सवयीनं बॅटिंग म्हणून मोकळे होतात, पिच नीट बघितलेलंच नसतं. लेदर बॉलची मॅच असेल तर तासभर आधी या आन् स्वतः पिचवरून चाला, कारण परभणी-बीडकडची काळी माती सकाळी एक असते आन् दुपारी दुसरीच.

पेरणीआधी वाफसा बघतो ना, तसंच बघायचं. गाडीची चावी पिचच्या कडेला टोचा, मधी नको, पिच खराब होतं. सहज आत गेली आन् दातांना माती चिकटून आली तर खाली ओल आहे, चेंडू अडकून येणार, कॅच उडणार, बिनधास्त बॉलिंग घ्या. चावी जातच नसंल, वर रोलरची चकाकी असंल, तर बॅटिंग.

भेगांना मात्र उगाच घाबरू नका. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, भेगा पडणारच. भेगेची कड अंगठ्यानं दाबून बघा, पक्की असली तर काही नाही, भुगा झाला तर स्पिनरचा दिवस. पुण्याजवळ गहुंजेला 2017 च्या टेस्टला असंच कोरडं पिच होतं, ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन स्मिथनं टॉस जिंकून आधी बॅटिंग केली आन् मग त्यांचा स्पिनर ओकीफनं दोन्ही डावात 35-35 रन देऊन 6-6 विकेट काढल्या, आपण 105 आन् 107 ला ऑलआउट.

मॅटवर खेळत असाल तर ती ताणून ठोकलीय का बघा, सैल मॅटवर बाउन्स एकसारखा राहत नाही.

नाइट मॅचचं गणित वेगळं, तिथं दव. डिसेंबर-जानेवारीत ग्राउंडला लागून ऊस असंल, पाणी चालू असंल तर नऊनंतर गवतावर हात फिरवा, तळवा ओला होतो. आम्ही असंच आधी बॅटिंग घेऊन 12 ओव्हरला 118 केले, चांगल्या स्पिनरला शेवटासाठी राखून ठेवला आन् तोपर्यंत चेंडू साबणासारखा झालेला, पोराच्या हातून दोन फुलटॉस निसटले, दोन्ही सिक्स. चूक पोराची नव्हती, ओव्हर ठेवणाऱ्याची होती, म्हणजे माझी. अशा ग्राउंडवर चेसच करा. टॉस हरून आधी बॅटिंग आलीच तर स्पिनरच्या ओव्हर दव पडायच्या आत काढून घ्या, आन् बाउंड्रीवर दोघा-तिघांच्या खिशात कोरडं फडकं द्या, चेंडू बॉलरकडं येईपर्यंत पुसूनच यायला पाहिजे.