रोलचा जुना कॅमेरा घ्यायचाय? आधी शटर ऐका

माझा पहिला रोलचा कॅमेरा मी फोटो बघून घेतला. म्हणजे कॅमेऱ्याचे फोटो बघून. मोबाइलवर जाहिरात, खाली ‘चालू कंडिशन’ असं लिहिलेलं, बॉडी चकचकीत. कुरिअरने परभणीला आला, मी ३६ चा रोल भरला आणि ऐन एप्रिलच्या दुपारी औंढा नागनाथला गेलो. रोल धुऊन आला तेव्हा निम्म्याहून जास्त फोटोंची एक बाजू काळीठिक्कर होती. शिखर अर्धं, भिंतीवरची शिल्पं अर्धी. देवळाच्या आत, सावलीत काढलेले तेवढे नीट.

कारण नंतर कळलं. अशा कॅमेऱ्याच्या शटरमध्ये, म्हणजे रोलवर उजेड पडू देणाऱ्या झडपेत, दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागून मिटत येतो. वेग कमी असेल तर पहिला पूर्ण उघडतो, मग दुसरा निघतो. पण १/५०० किंवा १/१००० सेकंदाला दोघांत फक्त एक चिंचोळी फट असते आणि ती फट रोलवरून सरकत जाते. वंगण वाळून पहिला पडदा रेंगाळला की दुसरा त्याला वाटेतच गाठतो, फट मिटते आणि उरलेला फोटो काळा. सावलीत, कमी वेगाला, हा दोष दिसतच नाही. आपल्याकडे वर्षातले आठ महिने जे ऊन असतं त्यात मात्र ४०० आयएसओचा, म्हणजे उजेड पटकन पकडणारा, रोल घातला की सहसा १/५०० च्या खाली उतरता येत नाही. म्हणजे ज्या दोषाकडे दुसरीकडे कुणी दुर्लक्ष करेल, तोच मराठवाड्यात सगळ्यात आधी नडतो.

दुरुस्तीचंही तसंच. मला जिल्ह्यात दुरुस्तीवाला सापडला नाही. देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसून मुंबई गाठायची, फोर्टात कॅमेरा ठेवून यायचा, परत आणायला पुन्हा जायचं. म्हणून खाली जे सांगतोय ते एवढ्याच हिशोबाने: ज्याची तपासणी आपल्या डोळ्या-कानांनी होते आणि ज्यात बिघडायला फारसं काही नाही, असा कॅमेरा घ्या.

१. कोणता शोधायचा

पूर्ण मेकॅनिकल शटरचा. सेल संपला तरी जो फोटो काढतो तो. सेल फक्त आतला लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, चालवतो.

माझी पहिली पसंती पेंटॅक्स के १०००. १९७६ ते १९९७ इतकी वर्षं हा कॅमेरा जवळपास तसाच निघत राहिला. आत एक सुई, ती मधोमध आणायची, फोटो काढायचा. याहून त्यात काही नाही, आणि शिकायला तेच हवं. निकॉन एफएम १० हलका आहे, प्लास्टिकचा वाटतो, पण शटर मेकॅनिकल आणि वेग १/२००० पर्यंत. याशिका एफएक्स-३ सुपर २००० त्याच पठडीतला. त्याचं वरचं काळं आवरण सोलून निघालेलं असतं, त्याकडे बघून नाक मुरडू नका. १९८२ चा निकॉन एफएम २ मिळाला तर काय, सोनंच. पण त्याची किंमत विकणाऱ्यालाही माहीत असते.

रशियन झेनिट ई दणकट आणि स्वस्त. त्याचा मीटर सेलशिवाय चालतो, पण इतक्या वर्षांनी बहुतेक खोटं सांगतो. शटर १/५०० लाच थांबतं, त्यामुळे १०० चा रोल घालावा. हेलिऑस लेन्स सोबत असेल तर तेवढ्यासाठीही घ्यायला हरकत नाही.

कॅनन एई-१ सगळ्यांना दिसायला आवडतो. त्याला ६ व्होल्टचा वेगळा सेल लागतो आणि सेल नसला की शटरच उघडत नाही. वाईट कॅमेरा नाही, पण आतला इलेक्ट्रॉनिक भाग गेला तर शोभेची वस्तू. दुसरा-तिसरा कॅमेरा म्हणून घ्या.

एक चूक बरेचजण करतात. घरात डिजिटल निकॉन आहे, त्याची १८-५५ लेन्स एफएम १० ला बसेल म्हणून नुसती बॉडी उचलतात. बसते खरी. पण त्या लेन्सवर छेद, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, लहान-मोठा करायची रिंगच नाही, शिवाय फोटोचे कोपरे काळे येतात. बॉडी आणि ५० एमएमची जुनी लेन्स एकत्रच घ्या.

२. कुठे शोधायचा

मोबाइल नंतर. आधी गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत जा. नव्वदच्या दशकात लग्नं काढलेले फोटोग्राफर आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला आहेत, आणि त्यांचा कॅमेरा सहसा कपाटात वरच्या खणात, मळक्या पट्ट्यासकट पडलेला असतो. मला माझा दुसरा कॅमेरा तसाच मिळाला. स्टुडिओवाल्या काकांनी स्टूल घेतलं, वरचं कपाट उघडलं, आधी उटीच्या ‘इंदू’ फिल्मचे रिकामे डबे काढले, मग एका टॉवेलमध्ये गुंडाळलेला के १०००.

“निस्ता पडून हाय. पोरं हात बी लावत नाहीत.”

“काका, तपासून बघू का?”

“बघ ना बाबा, नीट बघ. मग म्हणू नको काकानं फसवलं.”

हे वाक्य महत्त्वाचं. जो विक्रेता अर्धा तास हातात कॅमेरा देतो त्याच्याकडून घ्या. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी, मुंबईच्या चोर बाजारात, कॅमेरे दिसतात, पण तिथे सावकाश बघायची सोय नसते आणि नवखा माणूस त्यांना लांबूनच ओळखू येतो.

३. जाताना खिशात काय

एलआर ४४ चे दोन बटन सेल. घड्याळाच्या दुकानात मिळतात. के १००० ला एक पुरतो, एफएम १० ला दोन. मोबाइल आहेच, त्यातली टॉर्च आणि फुकटचं लाइट मीटर ॲप. आणि एक वाया गेलेला रोल, स्टुडिओवाल्याकडेच मिळेल.

साठच्या दशकातला कॅमेरा असेल तर सेल कोणता लागतो ते आधी विचारा. त्या काळचे पाऱ्याचे १.३५ व्होल्टचे सेल आता बनत नाहीत. आजचा १.५ चा घातला की काही कॅमेऱ्यांचा मीटर चुकतो.

४. तपासणी

घाई करू नका. क्रमही हाच ठेवा.

लेन्स काढा. मागचं झाकण उघडा. झाकणाच्या कडेच्या खाचेत काळा फोम असतो, उजेड आत येऊ नये म्हणून. नखाने हलकेच टेकवून बघा. बोटाला डांबरासारखं काळं चिकट लागलं तर फोम विरघळलाय. घाबरू नका, या वयाच्या जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात तो विरघळलेलाच असतो. घरी स्पिरिटने पुसून त्या खाचेत काळी लोकर चिकटवली तरी काम होतं. फक्त पुसताना त्याचे कण शटरवर पडू देऊ नका. काकांच्या कॅमेऱ्यात हेच होतं आणि त्यावरच मी भाव पाडला.

आता शटर. रोल पुढे सरकवायची लिव्हर ओढा. ती खरखर न करता एका दमात जायला हवी. वेग १ सेकंदावर ठेवा, बटन दाबा आणि कान द्या. खट्, मग बारीक गुणगुण, मग खट्. मोबाइलच्या स्टॉपवॉचशी ताडून बघा. गुणगुण मध्येच अडली, किंवा दुसरा खट् आलाच नाही, तर आतलं वंगण घट्ट झालंय. मग १/२, १/४, १/८ असं वर चढत जा. प्रत्येक आवाज आधीच्यापेक्षा आखूड वाटला पाहिजे. दोन वेगांचा आवाज सारखाच येत असेल तर समजा काहीतरी अडकलंय. बऱ्याच महिन्यांनी हलवलेलं शटर पहिल्या चार-पाच वेळा आळस करतं, त्याला तेवढी सूट द्या.

आणि मग ती गोष्ट जी मी पहिल्यांदा केली नव्हती. वेग १/१००० करा. कॅमेरा मोकळ्या आभाळाकडे धरा, सूर्याकडे नाही. मागून, उघड्या झाकणातून, डोळा लावून बघा आणि बटन दाबा. क्षणभर पांढरा चौकोन चमकेल. तो चौकोन डावीकडून उजवीकडे पूर्ण आणि सारखा उजळ दिसला पाहिजे. एका कडेला काळी पट्टी किंवा अंधार दिसला तर कॅमेरा टॉवेलमध्ये परत गुंडाळा. दहा वेळा करून बघा, कारण हा दोष कधी येतो, कधी येत नाही. ट्यूबलाइट किंवा एलईडीसमोर हे करू नका. ते दिवे स्वतःच लुकलुकतात आणि चांगलं शटरही पट्ट्या-पट्ट्यांचं दिसतं. आम्ही स्टुडिओच्या पायरीवर येऊन हे केलं. काकांनी तीस वर्षं तो कॅमेरा वापरला होता, पण झाकण उघडून शटर असं बघितलं नव्हतं. नंतर तेच एकसारखं बटन दाबत बसले.

लेन्सची पाळी. तिच्या मागून टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. धुळीचे कण दिसतीलच, ते फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ते फंगस. कडेला थोडं असेल तर चालतं, मधोमध पसरलं असेल तर फोटो धुरकट येतात. आपल्याकडच्या कोरड्या हवेत राहिलेल्या लेन्सला फंगस कमी दिसतं, मुंबई-कोकणातून आलेली असेल तर जास्त बारकाईने बघा. आपल्याकडच्या लेन्सचा रोग वेगळा, धूळ. फोकसची रिंग फिरवताना वाळू दळल्यासारखं वाटलं तर कुणाच्या तरी वरातीत गुलाल-धूळ खाऊन आलीय.

मग लेन्स लावा, छेद एफ/१६ वर (आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि वेग बी वर (बटन दाबून धराल तोवर शटर उघडं). बटन दाबून धरा आणि समोरून लेन्समध्ये बघा. पाती झटकन मिटून भोक बारीक झालं पाहिजे. हळूहळू मिटली तर पात्यांवर तेल आलंय आणि प्रत्येक फोटो गरजेपेक्षा जास्त पांढरा येणार.

सेलची खाच नाण्याने उघडा. हिरवट-पांढरा क्षार थोडा असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने निघतो. सेल घाला, मीटरची सुई हलते का बघा आणि मोबाइलच्या ॲपशी एकाच भिंतीवर ताडून बघा. एखाद्या पायरीचा, म्हणजे १/१२५ च्या जागी १/२५० एवढा, फरक असला तरी चालेल. मीटर मेलेलाच असेल तर भाव कमी करून घ्या. दुपारच्या उन्हात एफ/१६ आणि रोलच्या आयएसओएवढा वेग, म्हणजे २०० च्या रोलला १/२५०, हा नियम आपल्या उन्हात मीटरपेक्षा भरवशाचा आहे.

शेवटी तो वाया गेलेला रोल भरा. झाकण लावून लिव्हर ओढताना डाव्या हाताच्या रिवाइंड नॉबकडे बघा. रोल सरकत असेल तर तो उलटा फिरतो. तो फिरला नाही तर रोल अडकलाच नाही, तुम्ही ३६ फोटो हवेवर काढणार. चांगला कॅमेरा असूनही ही चूक होते, म्हणून ही सवय आजच लावा.

दोन गोष्टींना हात लावायचा नाही. आतला आरसा पुसायचा नाही, त्याचा मुलामा वरच असतो आणि रुमालाने ओरखडतो. त्यावरची धूळ फोटोत येत नाही. आणि सेल्फ टायमर ओढून बघायचा नाही. जुना असेल तर तो मध्येच अडकतो आणि अख्खा कॅमेरा अडकवतो.

५. पहिला रोल

स्वस्तातला २०० चा रोल घ्या. पहिले चार फोटो भर दुपारी एकाच उन्हातल्या भिंतीचे काढा: एफ/२२ ला १/१२५, एफ/१६ ला १/२५०, एफ/११ ला १/५००, एफ/८ ला १/१०००. चारही सारखेच उजळ यायला हवेत. उरलेले ३२ तुमचे. पण वहीत प्रत्येकाचा वेग आणि छेद लिहा, कारण या कॅमेऱ्यात नंतर बघायला काही नसतं.

रंगीत रोल मी कुरिअरने पुण्याला पाठवतो आणि निगेटिव्ह परत मागतो. काही ठिकाणी नुसते स्कॅन पाठवून निगेटिव्ह ठेवून घेतात, आधी विचारून घ्या. काळा-पांढरा घरी धुता येतो, पण त्याचं रसायन साधारण २० अंशाला वापरतात आणि मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी चहालाच लावायचं बाकी असतं. मी स्टीलच्या परातीत बर्फ घेऊन बसतो. रंगीत रोलच्या रसायनाला मात्र ३८ अंश लागतात. तेवढे आपल्याला फुकट मिळतात.

न वापरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवा, भरायच्या तासभर आधी बाहेर काढा. गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर रोल ठेवू नका, एका दुपारीत रंग उतरतात. कॅमेरा पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये बंद करून ठेवू नका. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, लिव्हर ओढलेली ठेवू नका, आणि आठवड्यातून एकदा कपाटातून काढून रोल नसताना दहा-बारा वेळा शटर चालवा. घरचे विचारतील काय करतोस म्हणून. काकांना मी आता तोच सल्ला दिलाय, त्यांच्याकडे अजून एक याशिका निघाला आहे.