पहिले लायसन्स काढताना : खान्देशात गाडी कोठे आणि कशी शिकावी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या आरटीओ कार्यालयातून पहिले लायसन्स काढणाऱ्याने सुरुवातीलाच वय आणि गाडीचा प्रकार यांचा मेळ घालून पाहावा. गिअरची दुचाकी आणि मोटारकार यांसाठी वयाची 18 वर्षे पूर्ण असावी लागतात, तर 16 ते 18 या वयात पालकांच्या संमतीने केवळ 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचे लायसन्स मिळते. आपल्या घरांपुढे उभ्या असलेल्या बहुतेक स्कूटरचे इंजिन याहून बरेच मोठे असते, त्यामुळे अकरावीतल्या मुलाच्या हाती क्लासला जाण्यासाठी तिची चावी देणे कायद्यात बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘मळ्यापर्यंतच तर जातो’ हे कारण येथे उपयोगी पडत नाही.

शिकाऊ लायसन्स, म्हणजे आपण ज्याला ‘लर्निंग’ म्हणतो ते, ‘सारथी’ संकेतस्थळावरून काढता येते; आधार क्रमांक असल्यास चाचणीही घरबसल्या देता येते. चाळिशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांकडून नमुना 1अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र आधीच घेऊन ठेवावे. घरबसल्या चाचणीचा एक तोटा मात्र डोळ्यांआड करू नये: उत्तरे दुसऱ्याकडून भरून घेतली, तर वळणाची किंवा प्रवेशबंदीची खूण प्रत्यक्ष रस्त्यावर दिसते तेव्हा तो दुसरा शेजारी नसतो.

हे लायसन्स 6 महिने चालते आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा 30 दिवसांनंतरच देता येते. मधल्या काळात शिकायचे कोठे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला अनेकजण द्यावे तितके महत्त्व देत नाहीत.

घरच्या माणसाकडून शिकणे कायदेशीर आहे, मात्र त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचे पक्के लायसन्स असावे, त्याने शेजारच्या आसनावर गाडी थांबवता येईल अशा बेताने बसावे आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावलेला असावा. शिकाऊ दुचाकीस्वाराला शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. दुचाकीसाठी हा मार्ग पुरेसा आहे. चारचाकीसाठी मात्र तो अपुरा वाटतो, कारण घरच्या गाडीत शेजारी बसलेल्याच्या पायाखाली ब्रेक नसतो.

म्हणून चारचाकी शिकताना परवानाधारक मोटार ड्रायव्हिंग स्कूल निवडावे. नियमानुसार खासगी वाहनाचा अभ्यासक्रम किमान 21 दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान 10 तास असावे लागतात. प्रवेश घेण्यापूर्वी भिंतीवरचा परवाना पाहावा, शिकवणीच्या गाडीत दुहेरी क्लच-ब्रेक आहेत का ते स्वतः वाकून पाहावे, आणि आपण चालवलेले तास नमुना 15 च्या नोंदवहीत रोज लिहिले जातात का हे विचारावे. एकाच फेरीत चार शिकाऊंना बसवून प्रत्येकाला दहा मिनिटे स्टिअरिंग देणाऱ्या ठिकाणी, शुल्क कितीही कमी असले तरी, जाऊ नये. स्त्रियांनी आणि पन्नाशीनंतर शिकणाऱ्यांनी सकाळची मोकळी वेळ व शांतपणे शिकवणारा प्रशिक्षक आग्रहाने मागून घ्यावा. तो त्यांचा हक्कच आहे.

तिसरा पर्याय शासनमान्य चालक प्रशिक्षण केंद्राचा आहे. 1 जुलै 2021 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तेथील हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम 4 आठवड्यांत 29 तासांचा असतो, त्यांपैकी 21 तास प्रत्यक्ष सरावाचे असतात, आणि तो उत्तीर्ण होणाऱ्यास आरटीओची चालन परीक्षा द्यावी लागत नाही. आपल्या गावाजवळ असे केंद्र आहे का, याची चौकशी आरटीओतच करावी. एखाद्या शाळेने पाटीवर ‘शासनमान्य’ लिहिले म्हणून तिला ही सवलत मिळत नाही.

मार्ग कोणताही असो, शेवटच्या आठवड्यात प्रशिक्षकाला मैदानाबाहेर न्यायला सांगावे. धुळे–पारोळा–एरंडोल–जळगाव–भुसावळ हा महामार्ग, रावेर–यावल भागातले केळीचे ट्रक, दिवाळीच्या सुमारास जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या ट्रॉल्या, ही आपली रोजची वाहतूक आहे. तिन्हीसांजेला मागे दिवा नसलेली ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते, आणि समोरून येणाऱ्याच्या प्रखर दिव्यांत तर तीही दिसेनाशी होते. अशा वेळी वेग आधीच कमी ठेवण्याची सवय शिकवणाऱ्याच्या देखत लागली पाहिजे. चाळीसगावकडून कन्नड घाटात जायचे असेल, तर परतीच्या उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनाने गाडी आवरणे आधी शिकून घ्यावे. सतत दाबून धरलेले ब्रेक तापून निकामी होऊ शकतात.

परीक्षेची वेळ संकेतस्थळावरून घ्यावी आणि तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचे शिबिर भरत असल्यास तेथील तारीख पाहावी, म्हणजे शिरपूर किंवा शहाद्याहून जिल्ह्याच्या गावी खेप घालावी लागत नाही. दुचाकीस्वाराने ‘8’चा आणि कार शिकणाऱ्याने ‘एच’च्या आकारात गाडी मागे घेण्याचा सराव अर्ध्या क्लचवर, ॲक्सिलरेटरला फारसा हात-पाय न लावता करावा. नापास झाल्यास 7 दिवसांनंतर पुन्हा परीक्षा देता येते, मात्र तीनदा नापास झाल्यास 60 दिवस थांबावे लागते. त्यामुळे पहिली परीक्षा लर्निंगच्या शेवटच्या महिन्यावर टाकू नये.