थंडीत साप खात नाही तेव्हा: पाळलेल्या बॉल पायथनला भरवायचं कसं

डिसेंबरात निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशिकमध्ये बॉल पायथन पाळणाऱ्यांच्या घरात काळजी सुरू होते. काल-परवापर्यंत उंदीर दिसताच झडप घालणारा साप अचानक तोंड फिरवतो. माझ्या भुरीने, म्हणजे माझ्या बॉल पायथनने, पहिल्याच हिवाळ्यात, नोव्हेंबर संपता संपता खाणं सोडलं. मी घाबरून दर दोन दिवसांनी नवा उंदीर तिच्यासमोर धरत राहिले. कधी लहान, कधी मोठा, कधी काळा, कधी पांढरा. सहा आठवड्यांनी तिचं काचेचं घर, म्हणजे टँक, उचलला तेव्हा खालच्या फरशीला हात लागला आणि फरशी बर्फासारखी गार लागली. तेव्हा कुठे प्रकाश पडला. तेव्हापासून मला कुणी विचारलं की साप खात नाही, काय करू, तर मी उंदराचं नावही काढत नाही. आधी त्याच्या घराबद्दल विचारते.

कागदपत्रं आधी

हा लेख परदेशी जातींसाठी आहे: मुख्यतः आफ्रिकेतला बॉल पायथन आणि थोडाफार अमेरिकेतला कॉर्न स्नेक. नाग, धामण, तस्कर, दिवड, मांडूळ, आपला अजगर, यांपैकी कुठलाही साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. द्राक्षबागेत सापडलेलं तस्कराचं पिल्लू कितीही गोड दिसलं तरी ते बागेचंच आहे. साप घरात शिरला असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. बॉल पायथन ही साइट्स करारातली, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारातली, जात आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेला साप आजारी पडला की डॉक्टरकडे न्यायलाही माणूस कचरतो, आणि त्याची किंमत सापाला मोजावी लागते. म्हणून हे काम पहिलं.

पायरी १: ऊब मोजा, अंदाज बांधू नका

सापाच्या शरीरात स्वतःची ऊब तयार होत नाही. पोटातला उंदीर पचवायला लागणारी उष्णता त्याला बाहेरून घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर भक्ष्य पचण्याआधी पोटातच कुजू लागतं आणि साप ते ओकतो. म्हणजे गारठ्यात खाणं नाकारणारा साप हट्टी नसतो, तो स्वतःला सांभाळत असतो.

बॉल पायथनला टँकच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअसची गरम जागा लागते आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंशांची थंड. माझ्या टँकच्या काचेला वर चिकटवलेला गोल थर्मामीटर २९ दाखवत होता. डिजिटल थर्मामीटरची वायर भुरी जिथे वेटोळं घालून बसते तिथे, तळाच्या भुशावर ठेवली तर आकडा २४! आकडा घ्यायचा तो सापाच्या पोटाखालचा. तोही रात्री बारानंतर आणि पहाटे पाचला, कारण आपल्याकडे दुपारी ऊन असतं आणि खरा गारठा पहाटे असतो.

मी मग चार गोष्टी केल्या. टँक फरशीवरून लाकडी स्टुलावर घेतला. खाली आणि मागच्या काचेला थर्माकोल लावला. उत्तरेच्या खिडकीपासून टँक आतल्या भिंतीला हलवला. टँकला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला, म्हणजे हीट मॅटला, तापमान ठरावीक आकड्यावर रोखणारा थर्मोस्टॅट जोडला. थर्मोस्टॅट टाळून पैसे वाचवू नका. नुसती मॅट कधी इतकी तापते की सापाचं पोट भाजतं, आणि त्याला ते वेळेवर कळत नाही. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून टँकच्या बाहेरच्या बाजूला लावा. एप्रिल-मे महिन्यांत काळजी उलटी असते. तेव्हा गरम टोक ३५ च्या वर जाऊ देऊ नका आणि हवा कोरडी पडू देऊ नका. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास हवी.

पायरी २: लपायला दोन जागा द्या

बॉल पायथनला मोकळी, उजेडाची जागा आवडत नाही. तो बिळातला जीव आहे. गरम टोकाला एक आणि थंड टोकाला एक, अशा दोन जागा द्या. पाठीला आणि कुशीला भिंत लागेल इतक्या त्या तंग असाव्यात. मातीची कुंडी पालथी घालून कडेला तोंड पाडलं तरी उत्तम बीळ होतं, फक्त कडा घासून गुळगुळीत करा. टँक दिवाणखान्यात टीव्हीशेजारी असेल आणि येणारा-जाणारा काचेवर टकटक करत असेल, तर साप महिनोन्महिने खाणार नाही. नवा आणलेला साप निदान आठवडाभर हातात घेऊ नका.

पायरी ३: काय आणि किती

भक्ष्य अख्खं हवं. हाडांतून कॅल्शियम मिळतं, यकृतातून जीवनसत्त्वं. दुकानातल्या चिकनच्या तुकड्यांवर साप निरोगी राहत नाही. अंडं, पनीर वगैरे तर सोडूनच द्या. दुधाबद्दल मात्र नाशिकमध्ये आवर्जून बोलावंच लागतं: साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो, कारण त्याला आधी उपाशी-तहानलेला ठेवलेलं असतं. आपल्या सापाला स्वच्छ पाण्याचं भांडं पुरे.

विकणारे लहान जातीच्या पांढऱ्या उंदराला माइस म्हणतात आणि मोठ्या जातीच्याला रॅट. नुकतं जन्मलेलं, केस नसलेलं पिल्लू म्हणजे पिंकी. कॉर्न स्नेकचं पिल्लू पिंकीवर सुरू होतं, बॉल पायथनचं त्याहून मोठ्या पिल्लावर. सापाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, तेवढ्याच जाडीचा उंदीर द्यायचा. लहान सापाला पाच ते सात दिवसांनी, वजनाच्या साधारण दहा टक्के. मोठ्याला दोन ते चार आठवड्यांनी एकदा, वजनाच्या पाच-सहा टक्के. घरात पकडलेला उंदीर कधीच देऊ नका. तो विष खाऊन आलेला असू शकतो, आणि ते विष सापाला लागतं.

जिवंत उंदीर मी देत नाही. घाबरलेला उंदीर सापाची पाठ कुरतडतो, डोळा फोडतो. उंदराचेही हाल होतात. गोठवलेलाच घ्या. आमच्याकडे आई चातुर्मास पाळते, तिच्या फ्रीजमध्ये उंदीर ठेवणं मला मान्यच नव्हतं. मागच्या गॅलरीत जुना छोटा फ्रीज घेतला, त्याला वेगळा चिमटा, वेगळी कात्री, वेगळं पातेलं. घरोघरी हे करावं, कारण उंदराच्या आणि सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना या भांड्यांपासून लांब ठेवा.

पायरी ४: उंदीर समोर कसा धरावा

आदल्या रात्री उंदीर फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात काढा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडा. पोट बोटाने दाबून पाहा: मध्ये कडक गोळा लागला तर आत अजून बर्फ आहे. मायक्रोवेव्ह अजिबात नको, आतून शिजतो आणि फुटतो. शेवटची दहा मिनिटं पाणी गरम घ्या, मग उंदीर पुसून कोरडा करा.

बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यांतून त्याला ऊब 'दिसते'. अंधारात त्याच्यासाठी भक्ष्य म्हणजे एक गरम ठिपका. म्हणून मी उंदराच्या डोक्यावर हेअर ड्रायर अर्धा मिनिट धरते, बाकी अंग कोमटच ठेवते. खोलीतला दिवा बंद, बाहेरच्या खोलीतला मंद उजेड येईल तेवढाच. लांब चिमट्याने उंदीर कंबरेला धरायचा आणि बिळाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हळूच हलवायचा. नाकावर आपटायचा नाही. भुरीची जीभ आधी सावकाश येते, मग भराभर. मानेचा एस आकाराचा आकडा होतो. त्या क्षणी हात स्थिर ठेवायचा आणि श्वाससुद्धा जपून घ्यायचा. ती झडप घालते, दोन वेटोळी पडतात. लगेच चिमटा ओढून घेऊ नका. उंदीर अजून धडपडतोय असं वाटेल इतकं हलकेच एकदा हलवा, मग सोडा.

पायरी ५: तरीही नाकारलं तर

रात्रभर उंदीर तिथेच ठेवा, उन्हाळ्यात तीन-चार तासच. सकाळी टाकून द्या, पुन्हा गोठवू नका. पुढचा प्रयत्न सात ते दहा दिवसांनी. रोज उंदीर समोर धरलात तर सापाला तोच त्रास वाटू लागतो. मी नेमकी हीच चूक केली होती.

त्या मधल्या दिवसांत डोळे पाहा. डोळे दुधी निळसर झाले असतील तर तो कात टाकणार आहे, तोवर काही देऊ नका. नर असेल तर माजाच्या दिवसांत महिनोन्महिने खात नाही, तेही स्वाभाविक आहे. आकार पाहा: मोठा उंदीर नाकारणारा साप कित्येकदा अर्ध्या आकाराचा पटकन घेतो. माइसवर वाढलेला साप रॅट ओळखतच नाही. अशा वेळी रॅट माइसच्या वापरलेल्या भुशात घोळवून द्या. जिवंतची सवय असलेल्याला गोठवलेल्याकडे वळवायला महिने लागू शकतात, पण वळतो. उंदीर आणि साप कागदी पिशवीत घालून पिशवी रात्रभर टँकमध्येच ठेवणं हा उपाय लाजाळू सापांवर चालतो. जबरदस्तीने तोंडात कोंबणं मात्र डॉक्टरशिवाय कुणीही करू नये.

आणि वजन. स्वयंपाकाचा डिजिटल काटा, वर प्लॅस्टिकचा डबा, दर रविवारी एक नोंद. भुरी १४०० ग्रॅमची होती. पूर्ण उपासात तिचं वजन ६० ग्रॅमच घटलं. वहीतला तो आकडा पाहिल्यावर मला झोप लागली. निरोगी मोठा बॉल पायथन दोन-तीन महिने सहज काढतो. पिल्लाचं मात्र तसं नसतं, चार-पाच आठवड्यांनी त्याच्यासाठी मदत घ्या. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, नाकातोंडाशी बुडबुडे दिसले, तोंड उघडं ठेवून श्वास घेतला, हिरड्यांवर पिवळट थर दिसला किंवा दोनदा ओकला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. जाताना वही सोबत घ्या.

पायरी ६: पुन्हा सुरुवात

शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते म्हणतात. टँक हलवल्यानंतर पाच आठवड्यांनी भुरीने पहिला उंदीर घेतला. लांब उपासानंतर पहिलं भक्ष्य नेहमीच्या अर्ध्या आकाराचं द्या. नंतर ४८ तास हात लावू नका, कितीही मोह झाला तरी. दहा दिवसांनी पुन्हा तेवढंच. ते व्यवस्थित पचून विष्ठा झाली की तिसऱ्या खेपेला नेहमीच्या मापावर या. मधे कधी ओकला तर पूर्ण दोन आठवडे काही देऊ नका, गरम टोकाचा आकडा पुन्हा तपासा आणि मग सगळ्यात लहान उंदरापासून सुरुवात करा.