वीस खुर्च्यांचं हॉटेल आणि सासूबाईंची एकसष्टी

मला लिस्बनमध्ये नऊ वर्षं झाली आणि नवीन आलेलं कोणी ना कोणी दर महिन्याला तोच प्रश्न विचारतं, लग्नाचा वाढदिवस आहे हो, कुठे जेवायला जायचं. मग कोणीतरी सांगतं मार्तिम मोनिझला, म्हणजे देशी हॉटेलांच्या भागात जा, बिर्याणी मस्त मिळते. मिळते ना, नाही कोण म्हणतंय, पण ती एरवीही खातोच की आपण. खास दिवशी ग्रासा, शियादू, प्रिन्सिपे रियाल इकडच्या गल्ल्यांमधलं एखादं छोटं पोर्तुगीज हॉटेल बघा. वीस-पंचवीस खुर्च्या, किचन समोरच, तरुण शेफ, पदार्थ त्याच्या आजीचेच पण मांडणी नवी. बेलकांतोसारखी दोन मिशेलिन स्टारवाली पण आहेत, पण पहिल्या वर्षी तिकडे नका जाऊ, पगाराकडे बघा जरा.

बुकिंग आधी करायचंच, बरेचदा कार्ड नंबर घेतात आणि न सांगता गेला नाहीत तर पैसे कापतात. रविवार-सोमवार पुष्कळ ठिकाणं बंद असतात. सात वाजता पोचलात तर कदाचित दार उघडलेलं नसेल, इथली माणसं आठ-साडेआठला जेवायला निघतात. आणि हो, बायकांसाठी, गल्लीत दगडी फरसबंदी आणि चढ, उंच टाचा घालून गेलात तर नवऱ्याचा दंड धरूनच चालावं लागेल.

आता मुख्य गोष्ट, व्हेज. सासूबाई आल्या होत्या, त्यांची एकसष्टी इथल्या अशाच एका हॉटेलात करायची ठरली. मी बुकिंग करताना ऐटीत पोर्तुगीजमध्ये लिहिलं 'सेंग कार्न', म्हणजे मांस नको. सुरुवातीला छोट्या कपात काल्दु व्हेर्द आलं, हिरव्या पाल्याचं आणि बटाट्याचं सूप, पाला अगदी केसासारखा बारीक चिरलेला आणि वर तीन केशरी थेंब. सासूबाई खूश, म्हणाल्या अगं तर्री आहे वाटतं! दोन चमचे गेले पोटात आणि मग मला आठवलं की ह्या सूपमध्ये शोरिसू घालतात, म्हणजे डुकराचं सॉसेज. वेटरला विचारलं तर तो हसून म्हणाला, नाही नाही, मांस नाहीये, फक्त त्याचं तेल आहे. त्याच्या हिशोबाने तो खरंच बोलत होता हो! इथे 'कार्न' म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यासमोर ताटातला तुकडा येतो, चिकन, मासा, हॅम, चरबी हे सगळं वेगळं सांगावं लागतं. 2017 च्या कायद्याने सरकारी कॅन्टीनमध्ये व्हेज पर्याय ठेवावाच लागतो, पण खाजगी हॉटेलला ते बंधन नाही. म्हणून बुकिंगमध्येच एकेक नाव घेऊन लिहा: मांस नको, मासा नको, चिकन नको, शोरिसू नको, चरबी नको, अंडं चालतं की नाही तेही. टेबलावर बसल्यावर सांगून उपयोग नाही, एवढ्याशा किचनमध्ये सगळी तयारी सकाळीच झालेली असते.

गोडातही गाफील राहू नका. आबाद द प्रिश्कुश नावाचं पुडिंग आहे, ढीगभर पिवळे बलक, पोर्ट वाइन आणि चक्क डुकराची चरबी. खाणाऱ्यांनी जरूर खा, जिभेवर विरघळतं.

मासे खाणाऱ्यांची मात्र चैन आहे. बकाल्याव म्हणजे खारवलेला कॉड, येतो बहुतेक नॉर्वेहून पण इथल्या लोकांचा जीव की प्राण, दीड-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात. आणि अमेजुआश म्हणजे शिंपल्या, आपल्या तिसऱ्याच, लसूण आणि मूठभर कोथिंबीर घालून. माझी मालवणची नणंद वाडग्यात पाव बुडवत म्हणाली, खोबरं तेवढं राहिलं.

पाव हा पोर्तुगीजांचाच शब्द, बटाटा पण. त्या पावाचंही ऐका. बसल्या बसल्या न मागता पाव, बटर, ऑलिव्ह, कधी चीज समोर येतं, त्याला कूव्हेर म्हणतात आणि ते फुकट नसतं. कायद्याने तुम्ही मागितलं नाही आणि हातही लावला नाही तर पैसे लावता येत नाहीत, नको असेल तर सरळ परत पाठवा, कोणी वाईट मानत नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा वेलकम समजून दोनदा मागवलेलं!

बिल मागितल्याशिवाय येत नाही, तासभर बसलात तरी कोणी उठवायला येत नाही. वेटर विचारेल 'कोंत्रिब्युइंत?' तेव्हा गोंधळू नका, टॅक्स नंबर मागतोय, तो नीफ सांगून टाका. बिलावरच्या टॅक्सचे 15 टक्के इन्कम टॅक्समध्ये वजा मिळतात, अशी सगळी बिलं मिळून घरटी वर्षाला 250 युरोपर्यंत. टिपची सक्ती नाही, अशा ठिकाणी आम्ही पाच-दहा टक्के ठेवतो.

त्या रात्री शेवटी वेटरने सासूबाईंसाठी बदामाचा केक आणला, आत काय काय आहे ते तीनदा सांगून. निघताना नवरा त्याला म्हणाला, 'केरु पगार', म्हणजे पैसे द्यायचेत. सासूबाईंनी पर्स आवरता आवरता मला हळूच विचारलं, "ह्याचा पगार आपण द्यायचा होय गं?"