फर्लरवर शीड चढवताना अडकत होतं, तेव्हा

फर्लर म्हणजे शिडाच्या बोटीचं पुढचं शीड गुंडाळून ठेवणारी यंत्रणा. हे शीड अर्ध्यावर गेलं की हॅलयार्ड (शीड वर ओढायची दोरी) जड व्हायचा आणि शेवटचा भाग विंचशिवाय (दोरी ओढायच्या रहाटाशिवाय) सरकायचाच नाही. विंचचा जोर लावणं धोक्याचं. लफ टेप (शिडाच्या पुढच्या कडेची, खाचेत सरकणारी पट्टी) फाटते, तेही नेमकी फीडरपाशी, म्हणजे ती खाचेत शिरते तिथे.

आधी शीड न लावता नुसता हॅलयार्ड ओढून पाहिला. तो हलका चालला, म्हणजे डोलकाठीच्या टोकावरची पुली ठीक होती. दोष फॉइलच्या (ज्यावर शीड चढतं त्या फर्लरच्या उभ्या नळीच्या) खाचेत: सुकलेलं मीठ आणि धूळ.

जुन्या लफ टेपचा हातभर तुकडा घेतला. वरच्या टोकाला हॅलयार्ड, खालच्या टोकाला परत ओढायची दोरी (ही विसरलात तर तुकडा वरच राहील!). गोड्या पाण्यात साबण घालून तो भिजवला आणि खाचेतून वर-खाली फिरवला. पहिल्या फेरीला निघालेला काळा राप बघण्यासारखा होता. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, वाळू दिलं, मग त्याच तुकड्यावर कोरडा टेफ्लॉन स्प्रे मारून पुन्हा फिरवला. ग्रीस किंवा तेल नकोच. धूळ धरतं, शिडाला डाग पाडतं.

आता शीड हाताने जवळजवळ वरपर्यंत जातं. मात्र बोटीचं नाक वाऱ्याकडे हवं, शीटा (शिडाचा खालचा कोपरा ताणायच्या दोऱ्या) सैल हव्यात आणि फीडरपाशी टेप सरळ धरायला एक माणूस हवाच.