जोराचा पाऊस, कडक ऊन, सणकून ताप: इंग्रजीत ‘स्ट्राँग’ लावताना या चुका टाळा

आपल्याकडे ‘जोराचा’ या एका शब्दावर बरंच भागतं. वारा जोराचा, पाऊस जोराचा, ताप जोराचा. त्यावर ‘कडक’, ‘भारी’ आणि ‘लय’ आहेतच. इंग्रजीत असं सगळीकडे चालणारं विशेषण नाही. तिथे जोर कोणत्या शब्दाने दाखवायचा हे नाम ठरवतं. म्हणून ‘स्ट्राँग विंड’ बरोबर आणि ‘स्ट्राँग रेन’ चूक. गावाकडच्या अर्जांत, स्पर्धा परीक्षांच्या उत्तरांत आणि दवाखान्यातल्या बोलण्यात याच चुका पुन्हापुन्हा दिसतात.

ढोबळ विभागणी अशी धरा. जे ढकलतं, ओढतं किंवा नाकाजिभेला झोंबतं त्याला ‘स्ट्राँग’: वारा, वैनगंगेच्या पुराची ओढ, चहा, फवारणीच्या औषधाचा वास. जे प्रमाणाने फार होतं किंवा अंगावर कोसळतं त्याला ‘हेवी’: पाऊस, वाहतूक, रक्तस्राव, तोटा. जे मोजपट्टीवर वर चढतं त्याला ‘हाय’: ताप, रक्तदाब, व्होल्टेज, भाव. आणि जे त्रास देतं त्याला ‘सिव्हिअर’: डोकेदुखी, दुष्काळ, पाणीटंचाई. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही. वाऱ्याला ‘हाय विंड्स’ही म्हणतात. पण दहातली आठ वाक्यं यात बसतात.

सगळ्यात जास्त घोळ पावसाचा. वऱ्हाडात पावसाला सर्रास पाणीच म्हणतात, म्हणून ‘हेवी वॉटर केम’ असं वाक्य तयार होतं. हेवी वॉटर म्हणजे अणुभट्टीत वापरतात ते जड पाणी. ते आभाळातून पडत नाही. ‘वुई हॅड हेवी रेन’ किंवा ‘इट रेन्ड हेविली’ म्हणा. क्रियापदाला चिकटलं की ‘हेवी’चं ‘हेविली’ होतं, ‘इट रेन्ड हेवी’ चालत नाही.

‘हार्ड’ मात्र तसाच राहतो: ‘इट रेन्ड हार्ड’. इथे हौसेने ‘ली’ लावला की अर्थ उलटतो, कारण ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम. नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क हार्डली’ लिहिणारा आपण काम करतच नाही असं स्वतःच्या सहीनिशी कळवत असतो.

यापेक्षा महागात पडणारी चूक ‘अतिवृष्टी’च्या भाषांतरात होते. ‘अति’ दिसलं की ‘एक्स्ट्रीमली हेवी रेन’ लिहून मोकळे होतात. हवामान खात्याच्या भाषेत या शब्दांना आकडे बांधलेले आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘हेवी’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘व्हेरी हेवी’ आणि २०४.५ पासून पुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. महसूल खातं अतिवृष्टी धरतं ती २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाल्यावर. म्हणजे आपली अतिवृष्टी इंग्रजीत साध्या ‘हेवी रेन’पासूनच सुरू होते. मंडळात ८२ मिलिमीटर नोंद असताना अर्जात ‘एक्स्ट्रीमली’ लिहिलं, तर शब्द आणि आकडा एकमेकांशी भांडतात, आणि तपासणारा आकड्याचीच बाजू घेतो. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद घ्या, आकडा लिहा, विशेषण त्याला जुळेल तेवढंच लावा.

उन्हाचंही तसंच. ‘हेवी हीट’ आणि ‘हार्ड सन’ दोन्ही चूक. ‘इंटेन्स हीट’ म्हणा, नाहीतर सरळ ‘इट इज व्हेरी हॉट’. उष्णतेच्या लाटेला ‘सिव्हिअर’ लावताना हात आखडा. मैदानी भागात सरासरीपेक्षा तापमान किती वाढलं हे हवामान खातं बघतंच, पण निव्वळ कमाल तापमान ४५ अंशांना पोचलं तरी ती ‘हीट वेव्ह’ आणि ४७ला पोचलं की ‘सिव्हिअर हीट वेव्ह’. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ४५ हा मे महिन्यातला ओळखीचा आकडा आहे, तेवढ्यावर ‘सिव्हिअर’ होत नाही.

‘इंटेन्स’ आणि ‘इंटेन्सिव्ह’ हे भाऊ वाटतात, पण कामं वेगळी. भावना, उष्णता, वेदना यांची तीव्रता ‘इंटेन्स’. थोड्या जागेत किंवा थोड्या वेळात भरपूर मेहनत आणि साधनं ओतणं म्हणजे ‘इंटेन्सिव्ह’: इंटेन्सिव्ह केअर, इंटेन्सिव्ह फार्मिंग. कापसाच्या सघन लागवडीला मात्र दोन्ही शब्द लावू नका. दोन झाडांमधलं अंतर कमी करून एकरी झाडं वाढवायची ती पद्धत, म्हणून तिचं नाव ‘हाय डेन्सिटी प्लांटिंग’.

कीटकनाशकाच्या डब्यावरचे शब्द तर जिवाशी येतात. चौकोनातल्या खालच्या त्रिकोणाचा रंग बघा. लाल म्हणजे ‘एक्स्ट्रीमली टॉक्सिक’, पिवळा ‘हायली’, निळा ‘मॉडरेटली’, हिरवा ‘स्लाइटली’. विषारीपणाची ही उतरती भाजणी आहे. बरेच जण ‘हायली’ला सगळ्यात वरचं समजतात, तर काही पिवळ्याला लालच्या मानाने सौम्य म्हणून हलक्यात घेतात. पिवळाही जहालच. ‘स्ट्राँग औषध’ एवढं सांगून डॉक्टरला काही कळत नाही; विषबाधेचा संशय आला तर रंग सांगा, आणि डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या.

दवाखान्यात ‘हेवी फीवर’ आणि ‘स्ट्राँग हेडेक’ ऐवजी ‘हाय फीवर’ आणि ‘सिव्हिअर हेडेक’. शब्द आठवला नाही तर ‘बॅड’ वापरा: बॅड हेडेक, बॅड कफ, बॅड कोल्ड. साधा शब्द आहे, पण दुखण्यांना बहुतेक ठिकाणी बसतो.

‘व्हेरी’ नामाआधी लागत नाही, म्हणून ‘व्हेरी क्राउड’ नाही, ‘अ बिग क्राउड’. ‘व्हेरी मच हंग्री’मधला ‘मच’ काढून टाका. ‘टू’ म्हणजे खूप नव्हे, नको इतकं. ‘द टी इज टू स्ट्राँग’ म्हणजे चहा पिववत नाही अशी तक्रार झाली, आणि पाहुण्याने कौतुक म्हणून तेच म्हटलं तर यजमानीण दुसरा चहा टाकायला उठेल. सावजीच्या रश्श्याला नुसतं ‘हॉट’ म्हटलं तर समोरचा फुंकर मारत बसेल. तिखटासाठी ‘स्पायसी’ म्हणा. ‘स्ट्राँग स्पायसी’ मात्र नाही, ‘व्हेरी स्पायसी’.

कोशात शोधताना विशेषण उघडू नका, नाम उघडा. ‘रेन’ किंवा ‘पेन’खाली दिलेली उदाहरणं वाचली की सोबतचं विशेषण तिथेच सापडतं. वहीतही जोडीच लिहा, एकटं ‘सिव्हिअर म्हणजे तीव्र’ असं लिहिलं की पुढच्या वेळी ते चहाला लागतं.