लग्नातलं उरलेलं जेवण भुकेल्यापर्यंत पोहोचवायचं कसं? कोल्हापुरातल्या मंडळांसाठी

तुळशीचं लग्न लागलं की कोल्हापुरातली मंगल कार्यालयं भरतात, ती थेट आषाढापर्यंत. पाचशे पानांचा अंदाज आणि साडेतीनशे माणसं, असा मेळ दर चार लग्नांत एकदा तरी चुकतो. जेवण उरतं. ते गोळा करायला पोरं तयार असतात, गाडीही कुणीतरी देतं. तरी बहुतेक तालीम मंडळांचा हा उपक्रम दोन-तीन महिन्यांत थंडावतो. जेवण कमी पडलं म्हणून असं होत नाही. घड्याळाचा हिशेब कुणी मांडलेला नसतो, म्हणून होतं.

हिशेब असा. मुहूर्त साडेबाराचा, म्हणजे आचारी मसालेभात अकराला उतरवतो. पंगती किंवा बुफे तीनपर्यंत चालतो. साडेतीनला यजमानांच्या लक्षात येतं की दोन डेगी तशाच राहिल्या, मग फोन येतो. तुम्ही चारला पोहोचता. तोवर त्या भाताला पाच तास झालेले असतात. तो सीपीआर रुग्णालयाच्या आवारात संध्याकाळी सातला वाढला तर आठ तास. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. भात तर यात सगळ्यात दगाबाज. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास चांगला, चव चांगली, आणि रात्री उलट्या. म्हणून ‘वास घेऊन बघितलं, चांगलं होतं’ हे कारण चालत नाही.

आधी माणसं, मग पातेली

पहिले दोन आठवडे एक चमचाही अन्न उचलू नका. एक वही घ्या आणि दुपारी साडेतीन, संध्याकाळी सात व रात्री दहा अशा तीन वेळांना फिरा. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्टेशन, बांधकामांवरच्या पत्र्याच्या खोल्या, साखर कारखान्यांजवळचे ऊसतोड मजुरांचे फड. कुठे किती माणसं, लहान मुलं किती, कुणी आधीच जेवण आणून देतंय का, कोणत्या वारी देतंय, हे लिहा. सीपीआरला गगनबावडा, चंदगड, आजरा, शाहूवाडीहून पेशंट येतात. पेशंटला दवाखान्यातून जेवण मिळतं, सोबतच्या नातेवाइकाला नाही. तो चार दिवस वडापाव आणि चहावर काढतो. त्याच आवारात सणावारी दोन-दोन गाड्या जेवण घेऊन उभ्या राहतात आणि मधल्या वारी कुणीच नसतं. वही लिहिली की हे लगेच दिसतं.

यातून वेळेप्रमाणे ठिकाणं ठरतात. दुपारच्या लग्नाचं जेवण बांधकामावरच्या मजुरांना, चुलीवरून उतरवल्यापासून चार तासांच्या आत. संध्याकाळच्या रिसेप्शनचं जेवण सीपीआरच्या नातेवाइकांना आणि बसस्थानकावर, साडेनऊ ते साडेदहा. दुपारचं अन्न रात्रीसाठी राखून ठेवायचं नाही, कितीही जीव तुटला तरी.

दवाखान्याच्या आवारात वाटायचं तर प्रशासनाची लेखी परवानगी घ्या आणि वॉर्डात पाऊल टाकू नका. ऑपरेशन झालेला पेशंट शेजारच्याचा भात खाऊन बसला तर दोष तुमच्यावर येईल, आणि तो बरोबरच असेल.

कागद

उरलेल्या अन्नाचं संकलन आणि वाटप यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१९ चे स्वतंत्र विनियम आहेत. हे काम नियमित करणाऱ्या संस्थेने प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर नोंदणी करावी. अडलं तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. नोंदणी असली की मोठे केटरर दार उघडतात, हा त्याचा खरा फायदा.

कार्यालयाशी बोलणी

यजमानाशी नको, आचाऱ्याशी आणि कार्यालयाच्या व्यवस्थापकाशी ओळख करा. यजमान त्या दिवशी सासूबाईंची पैठणी शोधत असतो. आचाऱ्याला मात्र दीड वाजताच कळतं की आज उरणार आहे. त्याला तीन गोष्टी सांगून ठेवा. फोन जेवणं संपल्यावर नको, अर्धी माणसं जेवून झाली की कर. शेवटचा घाणा वाढायच्या टेबलावर नेऊ नकोस, झाकून भट्टीजवळच ठेव. आणि प्रत्येक डेग किती वाजता उतरवली ते खडूने झाकणावर लिही.

फोनवर नेमका प्रश्न विचारा, ‘चुलीवरून कधी उतरवलं?’ ‘आत्ताच झालंय’ हे उत्तर नाही. वेळ सांगता येत नसेल तर नम्रपणे नको म्हणा. ताटातलं, बुफेच्या भांड्यातलं, पाहुण्यांच्या हाताचा चमचा लागलेलं अन्न घ्यायचं नाही.

काय घ्यायचं, काय सोडायचं

वरण, आमटी, वांग्या-बटाट्याची रस्साभाजी हे सगळ्यात भरवशाचं, कारण ते पुन्हा खळाखळा उकळता येतं. मसालेभात व साधा भात आतून ६० अंशांच्या वर असेल तरच घ्यायचा. पुऱ्या, चपात्या, भजी, पापड, बुंदी, जिलेबी कोरडी किंवा पाकातली असल्याने टिकतात.

मठ्ठा, दह्यातली कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, बासुंदी, श्रीखंड, पनीर हे सोडा. मठ्ठ्यात घातलेला बर्फ कुठल्या पाण्याचा हे आचाऱ्यालाही माहीत नसतं. तांबडा-पांढरा रस्सा आणि सुकं मटण पहिले सहा महिने घेऊच नका. त्याला वेगळी भांडी, वेगळे डाव लागतात, आणि रांगेतल्या कुणाचा वार असतो, कुणी माळकरी असतं. एकदा डाव अदलाबदल झाला की ती माणसं पुन्हा तुमच्याकडे येत नाहीत.

नाकारलेलं अन्न गोठ्यात नेऊन टाकण्याचा मोह होतो, आपल्याकडे जनावरं घरोघर. पण एकदम घमेलंभर भात किंवा पुऱ्या खाल्ल्या की गाई-म्हशीच्या पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो आणि जनावर दगावू शकतं. ते खतासाठी किंवा बायोगॅसला द्या.

भांडी, गाडी, थर्मामीटर

सुरुवातीला २० लिटरचे कडीचे स्टीलचे डबे सहा, दोन मोठे टोप, झाकणाच्या दोन टोपल्या, चार ओगराळी, दोन झारे आणि सळईचा डिजिटल थर्मामीटर एवढं पुरे. थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. तो नसेल तर हे काम सुरू करू नका. सळई भातात मधोमध, तळापर्यंत घाला. वरचा थर गार आणि आतला गरम, किंवा उलटही, असू शकतो. दरवेळी सळई उकळत्या पाण्याने पुसून घ्या.

दुधाचे कॅन कोल्हापुरात हवे तेवढे मिळतात आणि वरणाला उत्तमही असतात. भाताला ते वापरू नका. अरुंद गळ्यातून भात काढताना दबून त्याचा गोळा होतो, आणि खांद्याच्या आतल्या बाजूला राहिलेली शितं घासणीला लागत नाहीत. दुसऱ्या दिवशीचं वरण तिथूनच नासतं.

भरण्याआधी डब्यात उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा, मग ओता. गार डब्यात गरम वरण घातलं की तिथेच बरेच अंश उतरतात. डबा काठोकाठ भरा. अर्धा डबा लवकर निवतो. वरून स्वच्छ धुतलेली गोधडी गुंडाळली तर तासभर तापमान बऱ्यापैकी टिकतं. पुऱ्या मात्र बंद डब्यात वाफेने भिजून चामड्यासारख्या होतात. त्या टोपलीत, खाली-वर सुती कापड घालून न्या. वर्तमानपत्राचा कागद नको, त्याची शाई अन्नात उतरते.

छोटा हत्ती टेम्पो असेल तर हौदा आधी धुवा. सकाळी त्यातून खताची पोती गेलेली असू शकतात.

किती माणसांना पुरेल

२० लिटरच्या डब्यात सुमारे १४ किलो शिजलेला भात बसतो. कष्टाच्या माणसाला एका वेळी ३५० ग्रॅम धरा, म्हणजे एक डबा चाळीस जणांना. वरण माणशी १८० मिली धरलं तर तेवढाच डबा शंभरावर जणांना जातो. भाजी १०० ते १२० ग्रॅम, पुऱ्या पाच किंवा चपात्या तीन. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचं माप ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असं ठरलं होतं. दिवसभर विटा वाहिलेल्या माणसाचं त्यात भागत नाही, म्हणून हा हिशेब वाढीव ठेवा.

गणित उलटं करा. वहीत साठ माणसं असतील तर भाताचे दीड डबे उचला, तीन नाहीत. जास्त उचललेलं अन्न कार्यालयाऐवजी तुमच्या गाडीत वाया जातं, एवढाच फरक.

वाटप

ठिकाणावर पोहोचल्यावर पुन्हा तापमान बघा. रस्सा ६० च्या खाली आला असेल आणि उतरवून दोन तासांच्या आतला असेल, तर शेगडीवर ढवळत उकळी येईपर्यंत तापवा. तेही एकदाच. भात खाली आला असेल तर वाढू नका. शिजवल्यापासून चार तासांत घास तोंडात गेला पाहिजे, ही शेवटची मर्यादा.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी: पदार्थ, शाकाहारी, कुठून आला, कधी शिजला, कधीपर्यंत खायचा. वाटी-वाटीभर नमुना वेगळ्या डबीत घालून फ्रिजमध्ये २४ तास ठेवा. कुणाला त्रास झालाच तर डॉक्टरांना दाखवायला काहीतरी असतं.

वाढणाऱ्याचे हात साबणाने धुतलेले, नखं कापलेली, सर्दी-जुलाब असेल त्याला सुट्टी. बायका आणि मुलांची रांग वेगळी. माणसाला ‘पाव्हणं, अजून घ्या की’ म्हणा. फोटो काढायचेच असतील तर डब्यांचे काढा, खाणाऱ्याचे नकोत. ‘उद्यासाठी डबा भरून द्या’ असं कुणी म्हटलं तर भात-वरण देऊ नका, पुऱ्या आणि बुंदी द्या.

जेवणाने जे भागत नाही

त्याच रांगेत तोच चेहरा आठवडाभर दिसला की रेशन कार्डाचं विचारा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून मोफत. बीडहून आलेल्या ऊसतोड मजुराला वाटतं कार्ड गावाकडे, म्हणजे धान्यही गावाकडेच. तसं नाही. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे कार्डाचा नंबर किंवा आधार सांगून अंगठा लावला की तो इथल्या दुकानातूनही आपला वाटा घेऊ शकतो, आणि उरलेला वाटा गावात राहिलेली माणसं तिकडे घेऊ शकतात. अडकतं ते आधार जोडणी किंवा ई-केवायसी झालेलं नसल्याने. फडावर जाताना एकाच्या मोबाइलवर ‘मेरा राशन’ ॲप असू द्या. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ या हेल्पलाइन नंबरवर तक्रार करता येते. एका कुटुंबाचं हे काम झालं तर महिन्याला वीस-पंचवीस किलो धान्य त्याला मिळतं, तुमच्या कितीतरी फेऱ्यांइतकं.

पावसाळा

आषाढी झाली की मुहूर्त संपतात आणि नेमक्या त्याच दिवसांत पंचगंगा चढते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे जूनमध्येच कोरड्या शिध्याची सोय लावा, लक्ष्मीपुरीतून घाऊक घेतलं की स्वस्त पडतं. चौघांच्या कुटुंबाला आठवडाभर: तांदूळ ५ किलो, पीठ ५ किलो, तूरडाळ दीड किलो, तेल १ लिटर, मीठ १ किलो, साखर १ किलो, चहा पाव किलो, कांदा-लसूण चटणी पाव किलो, काडेपेट्या, साबण.

पण शाळेत हलवलेल्या लोकांना पहिले तीन दिवस शिधा देऊ नका. त्यांच्याकडे शेगडी नसते, तुमचा तांदूळ तसाच कोपऱ्यात पडून राहतो. तेव्हा चपाती-चटणी, पोहे, गूळ-शेंगदाणे आणि उकळून गार केलेलं पाणी द्या. शिधा द्यायचा तो पूर ओसरून माणसं घरी परतताना. पीठ तेव्हाच दळून आणा, जूनमध्ये दळलेलं ऑगस्टपर्यंत जाळी धरतं. आणि पिशवीत मीठ नेहमी वेगळ्या जाड पिशवीत घाला, ओल धरून त्याला पाणी सुटलं की शेजारची साखर आणि चहा दोन्ही जातात.